अगं, तुझे पडले का?

ऐकलंत का? चंद्रपुरात कोणाच्या मुलीचं कुठे जमलं, कोणाच्या सुनेनं वेगळं बिऱ्हाड मागितलं, वरोरा नाक्याकडे कोणी प्लॉट घेतला, असल्या साध्यासुध्या बातम्यांना आता कोणी विचारत नाही. सध्या एकच बातमी चालते : कोणाच्या पोटातून काय पडलं.

अतिशयोक्ती वाटते? मग एखाद्या हळदीकुंकवाला जाऊन बसा. वाण हातात पडलं, तिळाचा लाडू ताटलीत आला की दोन डोकी जवळ येतात, आवाज खाली जातो आणि प्रश्न येतो, “अगं, तुझे पडले का?” केस नव्हेत, दातही नव्हेत. जंत! “माझे तर बाई पौर्णिमेलाच पडले,” दुसरी सांगते आणि पर्समधून मोबाइल काढते. फोटो आहे, बाप्पा! हातात लाडू आणि समोर तो फोटो! बघणारीही ‘शी, माय वो’ म्हणत म्हणत चष्मा सावरते आणि दोन बोटांनी फोटो मोठा करून बघते. ज्या घरात पाहुण्यांसमोर ‘संडास’ हा शब्द निघाला तरी आजी डोळे वटारायची, त्याच घरातल्या ग्रुपवर आता सकाळच्या ‘सुप्रभात’च्या गुलाबाखाली हे असले फोटो येतात. कलियुग म्हणतात ते हेच का जी?

आणि हो, याला जंताचं औषध म्हणायचं नाही. गावंढळ ठराल. जंताचं औषध जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरं घेतात. फ्लॅटवाले ‘पॅरासाइट क्लीन्झ’ करतात. त्याचा रीतसर कोर्स असतो, तोही पौर्णिमा गाठून, कारण जंत म्हणे तेव्हाच नाचायला लागतात. सकाळी उपाशीपोटी पपईच्या बिया वाटून मधातून. दहा वाजता भोपळ्याच्या बिया. दुपारी कारल्याचा रस. चार वाजता, म्हणजे एरवी चहा-बिस्किटाच्या पवित्र वेळी, वावडिंगाचा काढा. रात्री पळसपापडीचं चूर्ण आणि त्यावर एरंडेल. शिवाय महिनाभर साखर बंद, मैदा बंद, दूध बंद, कारण जंतांना म्हणे उपाशी मारायचं असतं. जंतांचं काय होतं ते त्यांनाच ठाऊक, पण घरातली माणसं उपाशी मरायला आलेली दिसतात. क्लीन्झवाल्या वहिनींचे यजमान गांधी चौकाजवळ तर्री-पोहे हाणताना अनेकांनी पाहिले आहेत. तोंड पुसून, शेव झटकून घरी जातात बिचारे.

बरं, पोटात जंत आहेत हे कळलं कसं? अहो, लक्षणांची यादीच फिरते आहे. थकवा येतो? जंत. चिडचिड होते? जंत. गोड खावंसं वाटतं? जंत मागतात! रात्री दात खाता? चेहऱ्यावर पांढरे डाग? विचारूच नका. आता मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ वर चढल्यावर थकवा आणि चिडचिड कोणाला होत नाही, सांगा पाहू? त्या हिशेबानं अख्खं शहरच जंतांचं वसतिगृह ठरेल. गोड खाल्ल्यानं जंत होतात ही तर आपल्या आज्यांनी पोरांच्या हातातून गूळ काढून घेण्यासाठी पिढ्यानपिढ्या सांभाळलेली थाप. जंताची अंडी येतात ती मातीनं, घाणेरड्या हातांनी आणि न धुतलेल्या भाजीनं. पेढ्यातून ती येत नाहीत. चेहऱ्यावरच्या पांढऱ्या डागांचा संबंधही बहुतेक वेळा कोरड्या त्वचेशी असतो, पोटाशी नाही. पण डागावर खोबरेल लावा म्हटलं की कोण ऐकतं? त्यात थरार नाही ना.

हे खूळ आलं कुठून, तेही ऐका, कारण खरी खमंग गोष्ट तिथेच आहे. अमेरिकेत हल्डा क्लार्क नावाच्या बाई होऊन गेल्या. १९९३ साली त्यांनी पुस्तक लिहिलं आणि छातीठोक सांगितलं की सगळ्या कॅन्सरचं मूळ एकच, आतड्यातला एक चपटा कृमी. उपाय? काळ्या अक्रोडाची हिरवी साल, वर्मवूड नावाची कडू वनस्पती आणि लवंग. जोडीला बॅटरीवर चालणारं एक यंत्र, जे म्हणे अंगातले परजीवी झटका देऊन मारतं. पुस्तकं खपली, यंत्रं खपली, भक्तगण जमला. आणि २००९ साली बाई गेल्या कशानं? मल्टिपल मायलोमानं. म्हणजे कॅन्सरनंच. पण त्यांचं त्रिकूट मागे राहिलं आणि आजच्या रील्सवर तेच नव्या बाटलीत नाचतं आहे.

आता चंद्रपुरात काळा अक्रोड कुठून आणणार? मग सुरू झाला आपला स्वदेशी प्रयोग. अक्रोड गेला, पळस आला. वर्मवूड गेलं, वावडिंग आलं. बाटलीवर ‘गडचिरोलीच्या घनदाट अरण्यातून’ अशी ओळ आणि खाली वाघ. जंत आणि वाघ यांचा संबंध काय, हे विचारायचं नसतं. ‘आदिवासींचं गुपित’ असंही लिहिलेलं असतं. गुपित कसलं? गडचिरोलीच्या बायांचं झाडाझुडपांशी असलेलं नातं आणि त्यांची औषधांची जाण डॉ. राणी बंग यांनी ‘गोईण’ या पुस्तकात केव्हाच मांडून ठेवली आहे, ती वाचायला बाटली फोडावी लागत नाही. आणि पळसाच्या त्या चपट्या शेंगा, ज्यांच्या टोकाला एकच बी असते, उन्हाळा संपता संपता कुरखेड्यापासून सिरोंच्यापर्यंत झाडाखाली पाचोळ्यासारख्या उडत असतात. फुकट! तेच चूर्ण होऊन, वाघ चिकटवून, शेकड्यांच्या भावानं शहरात येतं आणि एखाद्या दिवशी कुरिअरनं परत गडचिरोलीतल्याच कोण्या साहेबांच्या बंगल्यावर जातं. याला म्हणतात वनोपजाचं मूल्यवर्धन.

बरं, आता त्या फोटोंचं. काय असतं त्यात? लांबलचक, चिकट, पिळदार दोरी. बघणारीची दातखीळ बसावी अशी. परदेशात तर काही जणांनी या दोरीला नवा कृमी ठरवून तिचं बारसंही उरकलं होतं. तपासणाऱ्यांना त्यात सापडला आतड्यातला शेंबडासारखा स्राव, झडलेल्या पेशी आणि न पचलेला चोथा. इसबगोल, मातीची भुकटी आणि बियांचा रांधा पोटात ढकलला की असे पिळदार गोळे व्हायचेच. म्हणजे आधी पावडर घ्यायची, पावडरीनं दोरी वळायची आणि ती दोरी दाखवून पावडरीचा महिमा गायचा. धंदा असावा तर असा! खरा मोठा जंत वेगळा दिसतो हो. फिकट गुलाबी, दोन्ही टोकांना निमुळता, गांडुळाचा सुदृढ चुलतभाऊ म्हणावा असा, १५ ते ३५ सेंटिमीटर लांब. आणि त्याची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. दोन लाख! आपल्याकडे तिसरं मूल झालं तर गल्ली सहा महिने बोलते.

आता माझा भाबडा प्रश्न : एवढी शंका आहे तर तपासणी का नाही करत? गल्लीबोळात पॅथॉलॉजीची लॅब आहे. डबी मिळते. तीत चमच्याभर नमुना नेऊन द्यायचा, शक्यतो दोन-तीन वेगवेगळ्या दिवशीचा, कारण अंडी रोज सापडतीलच असं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जंताची अंडी असतील तर दिसतात, नसतील तर नाहीत. विषय संपला. पण नाही! चारशे जणांच्या ग्रुपवर फोटो टाकणाऱ्या ताईंना ती डबी लॅबमध्ये नेताना लाज वाटते. “काउंटरवर ओळखीचा मुलगा असतो हो,” म्हणतात. आणि ज्या पोराला रात्री मागे खाज सुटते, त्याच्यासाठी तर डबीही नको. सकाळी उठल्या उठल्या, अंघोळीच्या आधी, त्या जागी चिकटपट्टी दाबायची आणि ती काचेवर लावून न्यायची. सुतासारख्या बारीक जंतांची अंडी तिला चिकटून येतात. हे सांगितल्यावर समोरची बाई अशी काही बघते, की जणू मीच पोटात जंत सोडले.

आता तुम्ही म्हणाल, ही तर आयुर्वेदाच्या, जंगलाच्या विरोधातलीच दिसते. छे हो! उलट मला राग याचा आहे की या मंडळींनी चांगल्या औषधांचा खाऊ करून टाकला. या वनस्पतींत दम आहे, म्हणूनच त्या खेळण्याच्या नाहीत. पळसाच्या बीमध्ये पॅलासोनिन नावाचा पदार्थ असतो. तो जंतांना नको नकोसं करतो हे खरं, पण त्याचं नातं कुठलं, माहीत आहे? कँथरिडिनशी! अंगाला लागलं तर फोड उठवणाऱ्या भुंग्याचं विष ते. रसायनशास्त्रात दोघं सख्खी भावंडं. म्हणून तर जाणता वैद्य पळसपापडी मोजून आणि थोडेच दिवस देतो. आणि आपल्या ताई? चमचा शिगोशिग, वर “नॅचरल आहे हो, साइड इफेक्ट नाही.” मग ओकाऱ्या सुरू झाल्या की “बघा, जंत घाबरले!”

पपईच्या बियांचंही तसंच. नायजेरियात ६० मुलांवर अभ्यास झाला, तो २००७ मध्ये छापून आला. वाळवलेल्या बिया मधातून दिलेल्या ३० पैकी २३ मुलांचं शौच जंतमुक्त निघालं. नुसता मध दिलेल्या ३० पैकी पाचांचं. काही वाईट नाही! पण मुलं किती? साठ. त्या साठांच्या जिवावर आपल्याकडे साठ हजार फॉरवर्ड. आणि ज्या मुलांवर प्रयोग केला त्यांच्या पोटात जंत आहेत हे आधी तपासलेलं होतं, हे त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नसतं.

ओव्याची गोष्ट तर मला फार आवडते. १९०९ ते १९१४ या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत रक्त पिणाऱ्या अंकुशकृमीनं माणसं पांढरीफटक पडली होती. तेव्हा रॉकफेलर कमिशननं गावोगाव दिलेलं औषध थायमॉल होतं. थायमॉल म्हणजे ओव्याचा जीव. तो वास त्याचाच. आपल्या मिसळणाच्या डब्यातला ओवा अमेरिकेला कामी आला, कॉलर ताठ करा! पण ते देतानाही पथ्य कडक होतं : सोबत तेलतूप नको आणि दारू तर मुळीच नको, नाही तर औषध रक्तात जास्त उतरून माणूसच आडवा व्हायचा. मग चेनोपोडियमचं तेल आलं, आपल्या चाकवताच्या परदेशी बहिणीचं. त्यानंही जंत मारले आणि मात्रा चुकली तिथे माणसंही मारली. किरमाणी ओव्यातल्या सँटोनिननं जंत पडायचे, पण काही रोग्यांना सारं जग पिवळं दिसायला लागायचं. कावीळ झाल्याशिवाय कावीळ! डॉक्टर लोकांनी ही औषधं सोडून दिली ती वनस्पतींशी वैर म्हणून नव्हे. जंत मरण्याची मात्रा आणि माणूस पडण्याची मात्रा यांत अंतरच फार कमी होतं म्हणून.

आणि वावडिंग! बाळगुटीतलं वावडिंग, दुधात उकळलेलं वावडिंग, किती घरगुती, किती सोज्वळ. आता कान जवळ करा. वावडिंग, पिंपळी आणि टाकणखार हे मिश्रण आयुर्वेदात कशासाठी सांगितलंय, ठाऊक आहे? गर्भ राहू नये म्हणून! त्यावर सरकारी संस्थांनी अभ्याससुद्धा केला. म्हणजे इकडे सासूबाई नातवाची वाट पाहत सुनेला ‘पोट साफ राहील’ म्हणून रोज वावडिंगाचा काढा पाजतात. नुसत्या वावडिंगानं नातू अडेल असं मी म्हणत नाही, पण सासूबाईंना हे कळलं तर काढा सिंकमध्ये जाईल एवढं नक्की. पपईच्या आणि पळसाच्या बियाही पोटुशीनं दूरच ठेवाव्यात, हे मात्र थट्टेनं सांगत नाही. शिवाय बाजारात वावडिंग म्हणून मिळतं ते अस्सल असेलच असं नाही. मिऱ्यासारखे गोल दाणे, त्याच कुळातली दुसरी वनस्पती त्यात सर्रास मिसळलेली. कुड्याचंही तेच. एक कडू कुडा, दुसरा त्याच्यासारखाच दिसणारा. औषधी साल पहिल्याची आणि गाठोड्यात दुसऱ्याची. जंगलातल्या म्हाताऱ्या बाईला तो फरक पानावरून, चिकावरून कळतो. ऑनलाइन मागवणाऱ्याला फक्त ‘डिलिव्हर्ड’ एवढंच कळतं.

क्लीन्झवाल्यांना ‘हजारो वर्षांची परंपरा’ हे शब्द फार प्रिय. मग वाचा की चरकसंहिता! विमानस्थानाचा सातवा अध्याय. वीस प्रकारचे कृमी, त्यांची ठिकाणं, औषधं, सारं तपशीलवार. त्यात एक प्रयोग आहे : घोड्याची लीद आणायची, उन्हात वाळवायची, बारीक कुटायची, विडंगाच्या किंवा त्रिफळ्याच्या काढ्याच्या आठ-दहा भावना द्यायच्या आणि मधातून चाटवायची. का जी, हे नाही दिसलं कुठल्या बाटलीवर? वाघ छापता, घोडा का नाही छापत? परंपरा म्हणजे त्यातला मध तेवढा घ्यायचा आणि लीद सोडायची, असं कसं चालेल?

पण त्याच अध्यायात खरी गोम आहे. चरक तीन पायऱ्या सांगतात. पहिली अपकर्षण : कृमी ओढून, पाडून बाहेर काढणं. दुसरी प्रकृतिविघात : कडू, तिखट, तुरट देऊन कृमींना राहायला जागाच नकोशी करणं. आणि तिसरी निदानपरिवर्जन : ज्या कारणानं झाले, ते कारण टाळणं. सगळं शहर पहिल्या दोन पायऱ्यांवर उड्या मारतंय. तिसरीवर कोणी चढत नाही.

ती पायरी का हवी हे पाहायचं तर रोवण्याच्या दिवसांत धानाच्या बांधीत जाऊन पाहा. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी घ्या, नाही तर पलीकडे आरमोरी, चामोर्शी घ्या. पोटरीभर चिखल, पाठी वाकलेल्या, हातात पऱ्ह्यांच्या पेंड्या आणि पाय अनवाणी. चिखलात चप्पल टिकत नाही, करणार काय? बांधीच्या धुऱ्यावर, नाल्याच्या काठी कोणी बसून गेलेलं असतं. त्या ओल्या, उबदार मातीत अंकुशकृमीची अंडी फुटतात, अळी वाट बघत असते. पायाच्या कातडीतून ती आत शिरते. बोटांच्या बेचक्यात खाज सुटते, बाई म्हणते चिखल्या झाल्या. अळी रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, घशातून गिळली जाऊन आतड्यात पोहोचते आणि भिंतीला दात लावून रक्त पीत बसते. कृमी जेमतेम सेंटिमीटरभर. त्याची दोरी होत नाही, त्याचा फोटो निघत नाही, पौर्णिमेला तो नाचत नाही. बाई मात्र दरवर्षी थोडी आणखी पांढरी पडते. आधीच ताटात लोह कमी, त्यात बाळंतपणं. या भागात सिकलसेलही आहे. तिला धाप लागते, आणि तिच्या लक्षणांची यादी मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

हिच्यासाठी मग काय? एक गोळी. अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम, चावून खायची. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून. गावात आशाताईंनी, अंगणवाडीनं ती हातावर ठेवायची आणि समोर चावून खायला लावायची. २०१५ च्या फेब्रुवारीपासून जंतनाशक दिनाला एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना ती फुकट मिळते. हत्तीरोगाच्या मोहिमेत चंद्रपूर-गडचिरोलीत मोठ्या माणसांनाही डीईसी या औषधाच्या जोडीनं तीच मिळते. गडचिरोलीतल्या हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा दुखणं आलं की माणूस आधी पुजाऱ्याकडे जायचा, मग दवाखान्यात. गोळीवर विश्वास बसायला तिथे वर्षं लागली आणि तो बसला. विश्वास उडाला तो कुठे? चंद्रपूरच्या फ्लॅटमध्ये! “शाळेत गोळी देणार आहेत, आमच्या पिंटूला नको हं. केमिकल असतं. आम्ही नॅचरल करतो.” पिंटू घरी येऊन पळसपापडी खातो आणि ओकतो. त्याच शाळेतल्या स्वयंपाकीणबाईचा मुलगा गोळी चावून खेळायला पळतो.

गोळीनं सगळं भागतं असं मात्र समजू नका. गोळी म्हणजे चरकांची पहिलीच पायरी, फक्त स्वस्त आणि मोजून दिलेली. मातीतली अंडी तशीच असतील तर जंत पुन्हा येतातच, म्हणून तर गोळी दरवर्षी. तिसरी पायरी म्हणजे पाणी येतं असा संडास, ज्यात सरपण रचून ठेवलेलं नाही. शौचानंतर साबण. कापलेली नखं. धुतलेली भाजी. जमेल तिथे पायात काहीतरी, आणि रक्तवाढीची गोळी कडू लागली तरी गिळणं. आणि घरात एकाला बारीक जंत झाले तर अख्ख्या घरानं एकाच दिवशी औषध घ्यायचं, दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचं, चादरी गरम पाण्यात टाकायच्या. एवढंच. यात मध नाही, पौर्णिमा नाही, वाघ नाही.

आणि खरं दुखणं तेच आहे, बाई. पहिल्या पायरीला गिऱ्हाईक आहे, दुसरीला तर रांग लागली आहे. तिसरीत कोणाला कमिशन नाही, सूट नाही, दोनावर एक फुकट नाही. चरकांनी कृमी वीस मोजले, औषधं मोजली, लिदीच्या भावनासुद्धा मोजल्या. तिसरी पायरी विकणार कोण, एवढाच हिशेब तेवढा मांडायचा राहिला.